राजमणीअक्काचा ठसा

सोलापूरच्या उन्हाळ्यात जेवणानंतर जागं राहणं हे माणसाचं काम नव्हे. शर्वरी कामाच्या टेबलावरच डोकं टेकते. हाताशी लाकूड कोरायची पटाशी, समोर लाकडी ठसा. ठशात कोरलेली आहे राजमणी गड्डम, जन्मभर विड्या वळणारी, गेल्या माघात वारलेली. या ठशावरून दहा छापचित्रं निघाली आणि दहाही पुण्याच्या गॅलरीतून चांगल्या चांगल्या दिवाणखान्यांत गेली. आता रिवाजाप्रमाणे ठशावर आडवा चर मारायचा, म्हणजे अकरावं निघायला नको. चर मारल्याचा फोटो गॅलरीवाल्यांना आजच हवा आहे. शर्वरी स्वतःला सांगते, जरा डोळे मिटते आणि मारते. पंखा कुरकुरतो. मग कुरकुरायचा थांबतो.

टेबलापलीकडे राजमणीअक्का बसलेली आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. मेलेल्या माणसाला पाहून दचकायचं असतं, हे शर्वरीला सुचतच नाही.

"नाक लई जाड केलंस गं माझं," अक्का म्हणते.

"तसंच होतं, अक्का."

"असंल. जरा बारीक केलं असतंस तर लाकूड रडलं असतं का?"

टेबल लांबत जातं. दोन्ही बाजूंना बायका बसल्या आहेत, आणि हे विडी कारखान्याचं आवार आहे. खिडकीशी माल तपासायला गॅलरीवाला बसला आहे, हातात पांढरे मोजे घालून. तो अक्काच्या विड्या एकेक उजेडात धरतो आणि बाजूला फेकतो. अक्का तिकडे बघतही नाही. तिचं ते जन्मभर बघून झालेलं आहे.

"चित्रं दहाच का काढलीस?"

"जास्त काढली की किंमत उतरते."

"अगं बया! मग मी दिवसाला एकच विडी वळायला पाहिजे होती!"

ती इतकी हसते की सुपातली तंबाखू उडते. आवारातल्या बायकाही हसतात. शर्वरीला लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतो. चित्रकाराला काय पोट नसतं?

"गॅलरीनं हात काढून घेतला तर मी कुठं जायचं?"

"ते मला काय माहीत? मी मेलेली बाई."

खिडकी आता राजमणीच्या घराची आहे. भिंतीवर हार, हारात आधार कार्डावरचा फोटो, झेरॉक्सवाल्यानं मोठा करून दिलेला. एरवीच्या सगळ्या फोटोंत अक्काची मान सुपात, म्हणून हा. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. तिची लेक श्रीलता उदबत्ती लावते आणि वर न बघताच आत जाते.

"ही कोण बाई?" अक्का विचारते.

"तूच की."

"मी नव्हं. मी तिकडं दहा घरी बसलीय, ऐटीत. माझ्या घरी ही कोण आणून बसवलीय?" अक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. "पोरगी बघत नाही गं माझ्याकडं. तिला एक काढून दे. पिवळ्या कागदावर."

बोलताना तिची बोटं थांबलेली नाहीत. त्यांना वळायला काहीतरी लागतंच. हात टेबलावर चाचपत पुढे येतो, आणि फोन वाजतो.

पंखा कुरकुरतो आहे. फोन पुण्याचा.

"मॅडम, फोटो पाठवताय ना?"

"पाठवते," म्हणत शर्वरी पटाशीकडे हात नेते. पटाशीचं पातं तेंदूच्या पानात घट्ट वळलेलं आहे. वर लाल दोऱ्याचे वेढे. टोकाशी पान नखानं आत दाबून तोंड बंद केलेलं, विडीचं करतात तसं.

"मॅडम?"

"ठशाला चर मारणार नाही मी."

"मग पुढचं प्रदर्शन अवघड आहे बरं का."

"असू दे," शर्वरी म्हणते आणि फोन ठेवते.

खणात आणखी पटाश्या आहेत. ती खण उघडते आणि त्यातून शाईचा डबा काढते. पिवळा कागद पसरते. ठशावर रोलर फिरवते, कपाळावरून, गालांवरून, सुपावरून. नाक जाडच राहू देते.