कानसकाका आणि जावयाची मॅगझिनं

कानसकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, कानस असायची. बोटभर लांबीची, लाकडी मुठीची. भाच्याच्या लग्नात नवऱ्या मुलाला बूट चावतोय असं कळल्यावर यांनी भर हॉलमध्ये खाली बसून त्याचं बक्कल घासून दिलं होतं. त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच. रायफल क्लबाच्या मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि छान गेलं. एक खिडकी, खिडकीखाली लांब बाक, तेलाची बाटली, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि दुपारी डुलकी काढायला एक आरामखुर्ची. माणसाला आणखी काय लागतं हो?

तोंड मात्र फटकळ. नळी न पुसता बंदूक परत ठेवली की बँकेचा मॅनेजर असो नाहीतर क्लबाचा सेक्रेटरी, काका सगळ्यांना एका मापाने झापायचे. "हात आहेत की वल्ही?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोकही हसत ऐकून घ्यायचे, कारण झापून झालं की काका तीच बंदूक स्वतः पुसून द्यायचे. एखाद्या दिवशी ते ओरडले नाहीत तर माणसं विचारायची, "काका, बरं नाही का?"

या तोंडातून फक्त एकच माणूस सुटला होता. जावई. जावई समोर आला की काकांचं लोणी व्हायचं. "या, बसा. पंखा लावू का? चहा घेणार ना?" काकू तर म्हणायच्या, "माझ्याशी लग्नानंतर पहिले चार दिवससुद्धा इतकं गोड बोलला नाहीत." पोरगी त्याच्या घरात नांदते, मग त्याला दुखवून कसं चालेल, असा काकांचा सरळ हिशोब होता.

तर या जावयाने कारखान्यातली हिशोबनिसाची नोकरी सोडून खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. रॅकेटी, बॅटी, आणि एका कपाटात नेमबाजीचं साहित्य. पहिल्याच महिन्यात तो क्लबाच्या रायफलींसाठी खोकंभर नवीकोरी मॅगझिनं घेऊन आला. मॅगझिन म्हणजे बंदुकीच्या पोटात बसणारी काडतुसांची डबी. खालची स्प्रिंग काडतुसं वर ढकलते, वरचे पत्र्याचे दोन ओठ त्यांना धरून ठेवतात आणि बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, पुढे सारला की एक काडतूस नळीत जातं. एवढंच काम, पण ते बिनचूक व्हायला हवं. काकांची छाती फुगली. त्यांनी जुनी मॅगझिनं आपल्या खणात टाकली आणि नवी फळीवर मांडून ठेवली. येईल त्याला सांगायचे, "आमच्या जावईबापूंनी दिलीत."

आणि बंदुका अडायला लागल्या.

सगळ्यात जास्त अडली ती टेलरताईची. बाजारपेठेच्या टोकाला तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दिवसभर मशीनवर वाकायची आणि संध्याकाळी रेंजवर येऊन ताठ उभी राहायची. चाळिशी उलटली तरी नेम असा की तरुण पोरांनी तोंडात बोट घालावं. रविवारी संघाची निवड होती. त्यात एक फेरी अशी की थोड्या वेळात पाच गोळ्या झाडायच्या. सरावात दोन झाडल्या की तिसऱ्या काडतुसाचं नाक खाली जायचं, बोल्ट मध्येच रुतायचा आणि घड्याळ पळत राहायचं. रविवारी असं दोनदा झालं तरी निवड गेलीच म्हणून समजा.

काकांनी तिची रायफल उघडली, धुतली, बोल्ट घासला, आतली एक कमानी बदलली. पुन्हा तेच. पुन्हा उघडली. अहो, आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! काकांना ते कळत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नवं मॅगझिन अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. स्प्रिंग मेलेली, काडतुसांखालची पाटी एका बाजूला कलती, एक ओठ दुसऱ्यापेक्षा फाकलेला. पत्राच इतका मऊ की आज वाकवून नीट केला तर उद्या परत पसरणार. कळलं होतं सगळं, पण ते तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं.

टेलरताई शेवटी हळूच म्हणाली, "काका, माझ्या मशीनवर दोरा तुटायला लागला ना, की मी आधी बॉबिन बदलून बघते. मशीन खोलायला नंतर घेते. जुनं एखादं मॅगझिन असेल तर द्या ना."

"जुनी भंगारात गेली," काका म्हणाले.

खण त्यांच्या गुडघ्याला लागून होता. कामाच्या बाबतीत खोटं बोलण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. टेलरताईने रायफल पिशवीत घातली आणि म्हणाली, "मग राहू दे, काका. मी नाव मागे घेते. सगळ्यांसमोर अडण्यापेक्षा घरी बसलेलं बरं." चिडली नाही, रुसली नाही. चिडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

घरी जेवताना काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "जावयाला वाईट वाटेल म्हणून त्या बाईचं वाटोळं करता? भीड भिकेची बहीण, हे तुम्हाला या वयात मी शिकवायचं?"

"पोरीला त्रास झाला तर?"

"पोरगी माझी आहे. ती त्रास करून घेणारी नाही, देणारी आहे."

काकांना हसू आलं.

सकाळी त्यांनी आधी टेलरताईचं दुकान गाठलं. जुनं मॅगझिन तिच्या कापडांच्या ढिगावर ठेवून म्हणाले, "भंगारात गेलेलं नव्हतं. मी खोटं बोललो. नाव मागे घेऊ नकोस, उद्या निवडीला ये." एवढं बोलून ते तिच्या उत्तराची वाट न बघता निघाले आणि थेट जावयाच्या दुकानात गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी काउंटरवर बसली होती, जावई रॅकेटींवरची धूळ झटकत होता. काकांनी खिशातून नवं मॅगझिन काढलं आणि तालमीची, बिनदारूची नकली काडतुसं त्यात भरली. एकेक काडतूस पुढे सारून दाखवलं. तिसऱ्याला नाक खाली गेलं. दुसरं मॅगझिन घेतलं, तेही तसंच.

"जावईबापू, राग मानू नका," काका म्हणाले, "पण हा माल खोटा आहे. सगळाच्या सगळा."

जावई हातातली रॅकेट ठेवून स्टुलावर बसला. मुलगी त्याच्याकडे बघायला लागली. काकांच्या मनात आलं, झालं, घर मोडलं आपण.

"म्हणजे माल खराब होता?" जावई म्हणाला. "बाबा, क्लबातली माणसं यायची, मॅगझिन काउंटरवर परत ठेवायची आणि म्हणायची, दुसऱ्या जातीचं हवंय. मग परत फिरकायची नाहीत. काय चुकलं ते एकानेही सांगितलं नाही. मला वाटलं, मलाच धंदा जमत नाही. हिने तर माझ्या जुन्या साहेबांना फोनसुद्धा केलाय, मला नोकरीवर परत घेता का म्हणून."

काकांना एकदम उमगलं. क्लबातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकांचा जावई म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि त्या मानापायी पोरगा बुडायला निघाला होता.

"अरे गाढवा!" काका ओरडले. "मग मला विचारता येत नव्हतं? हात आहेत की वल्ही? माल घेताना एक तरी मॅगझिन दाबून बघितलंस? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?" आणि बोलून झाल्यावर त्यांनी जीभच चावली.

जावयाचे डोळे भरून आले होते, पण तो हसत होता. "कसं विचारणार, बाबा? तुम्ही सगळ्या जगाला ओरडता. मला कधीच नाही. मला वाटायचं, मी तुम्हाला अजून परकाच आहे."

मुलगी म्हणाली, "गेली चार वर्षं हेच ऐकतेय मी याच्याकडून." आणि ती चहा टाकायला आत गेली.

रविवारी टेलरताईची एकही गोळी अडली नाही. ती संघात गेली. फळीवरची मॅगझिनं उचलून कंपनीला परत पाठवायला जावईही आला होता. त्याने भरलेलं खोकं उलटं धरलं आणि सगळी मॅगझिनं खडखडाट करत फरशीवर पडली. मग काकांनी त्याला असा झापला की सगळी रेंज मागे वळून बघायला लागली. सेक्रेटरी मध्ये पडायला धावले, "काका, अहो, जावई आहेत तुमचे!"

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," जावई फरशीवर बसून मॅगझिनं गोळा करता करता म्हणाला. "त्यांना ओरडू द्या."