क्लीनरचा पिंजरा

रस्त्यावरचं मोठं कुत्रं घरी आणलं, तर पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय दाखवता, भाकरी की साखळी?

नळदुर्गात आमच्या शेजारी राहणाऱ्या सिस्टर पाठ दाखवायच्या. सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपली, की ओट्यावरच्या लोखंडी पिंजऱ्याला टेकून बसायच्या. भाकरीचा तुकडा खांद्यावरून मागं टाकत म्हणायच्या, “दार उघडं हाय. घाई न्हाय.”

हे सगळं क्लीनरसाठी. हायवेवरच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं सोडून दिलेला तांबडा, पुरता वाढलेला कुत्रा. ट्रकमधून उतरला म्हणून क्लीनर. सिस्टरनी त्याला घरी आणलं, पण ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला की तो हायवेकडं धावत सुटायचा. त्यातच सिस्टरची मुरूम गावाला बदली झाली. टेम्पोत मोकळा ठेवला असता, तर त्यानं उडीच मारली असती. पिंजऱ्यात बसायला शिकला तरच तो सोबत जाणार होता.

“सिस्टर, इथंच सोडा की. धाब्यावर खाऊन जगंल,” घरमालक म्हणाले.

“चाकाखाली जाईल, मालक. आन् मला फोन तुमीच करणार.”

वेल्डिंगवाल्या काकांनी पिंजरा आणला तो हार घालूनच. आमच्याकडं लोखंडाची नवी वस्तू नारळाशिवाय दारात येत नाही. सिस्टर हळदी-कुंकू आणायला आत वळल्या, तेवढ्यात काकांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. खण्णकन आवाज झाला. क्लीनर पळाला तो थेट समोरच्या ट्रॅक्टरखाली. संध्याकाळपर्यंत बाहेर येईना.

“मुहूर्त चुकला,” काका ओशाळले.

“मुहूर्त राहू द्या. ते दार काढा आधी.”

मी चळवळीची पत्रकं छापणाऱ्या घरात वाढलेला. गप्प कसा बसणार? “सिस्टर, पिंजरा म्हणजे तुरुंग!”

“मग वाच की तुझं पत्रक त्याच्यापुढं. तुरुंगात कुणी आपल्या पायानं जातं का रं? ह्यो जाईल.”

भाकरी आधी पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग आत. सोबत सिस्टरची जुनी साडी. गल्लीला दम निघेना. “दोघं धरतो, एक ढकलतो,” म्हणत पोरं पुढं आली.

“हात लावून तर बघा!” त्या माउलीचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

एका दुपारी ट्रक सुरू झाला. क्लीनर उठला, हायवेकडं बघितलं, आणि पिंजऱ्यात शिरून साडीवर बसला. सिस्टर वळल्या नाहीत.

“बसला का रं?”

“बसला.”

मग दार परत आलं, कडेला जुन्या ट्यूबची पट्टी लावून, वाजू नये म्हणून. सिस्टर ते क्षणभर लावायच्या, तो कण्हायच्या आत उघडायच्या. हळूहळू वेळ वाढवला.

निघायच्या दिवशी टेम्पोचं इंजिन धडधडलं. सगळी गल्ली दारात उभी. क्लीनर टेम्पोत चढला आणि स्वतःच्या पायानं पिंजऱ्यात गेला. सिस्टरनी कडी लावली, भांड्यांच्या गठुळ्याशेजारी पिंजऱ्याला पाठ टेकून बसल्या. टेम्पो वळेपर्यंत भुंकणं ऐकू आलं नाही.

ओट्यावर आता पिंजऱ्याच्या पायांचे गंजाचे चार डाग आहेत. काका चप्पल काढतानाही ते चुकवतात.

जुलूम लोखंडात नसतो, ढकलणाऱ्या हातात असतो. तुमच्याकडं असं कुत्रं आलं, तर आधी पिंजऱ्याचं दार काढा. ढकलायला येणाऱ्याचा हात धरा. आणि भाकरी घेऊन, पाठ टेकून, बसा.