सीटबेल्टवरची रेघ

साल दोन हजार तेवीस, माझे वय एकाहत्तर. नोकरीत असताना शेकडो प्रकरणे हाताखालून गेली. पण आजही जे डोक्यातून जात नाही ते निवृत्तीनंतरचे आहे, अमेरिकेतले आहे, आणि त्याची कोणत्याही ठाण्यात नोंद नाही. फिर्याद नाही, गुन्हा रजिस्टर नंबर नाही. नावे मी देणार नाही.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, चौतीस वर्षांनी सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. इंग्रजी येत नाही, त्याची लाज वाटत नाही. पदवीधर पोरे अधिकारी होऊन ठाण्यात यायची आणि पंचनामा कसा लिहायचा ते मला विचारायची.

त्या साली मी अमेरिकेत मुलाकडे, अल्फारेटा या गावी होतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तिथेच राहायची. शिक्षण संपवून तिला एका लॅबमध्ये पहिली नोकरी लागली होती. बावीस मैल लांब, सकाळी सातची शिफ्ट, बस नाही. पहिले तीन महिने प्रोबेशन. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायला सुरुवात. म्हणून तिला जुनी पण भरवशाची गाडी हवी होती. आयुष्यातली पहिली.

तिथल्या आपल्या लोकांची एक रीत आहे. कोणी कायमचा भारतात परत निघाला की तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, "मूव्हिंग टू इंडिया, सिंगल ओनर, देसी फॅमिली." दुकानदारापेक्षा या शब्दांवर लोकांचा जास्त विश्वास. अशी गाडी तपासायला गॅरेजात नेणे म्हणजे समोरच्याला खोटा म्हणण्यासारखे, त्यामुळे सहसा कोणी नेत नाही. पुतणीने मात्र मेकॅनिकची वेळ घेऊन ठेवली होती.

"काका, उद्या अकराला अपॉइंटमेंट आहे. ते गाडी वर उचलून खालून सगळं बघतात."

"आपल्या माणसाची गाडी तपासायला न्यायची? त्याला काय वाटेल? मी आहे ना बघायला."

"तुम्ही चोर पकडलेत काका, गिअरबॉक्स नाही."

"माणूस बघितला की गाडी कळते. कॅन्सल कर ते."

तिने केले. माझ्या शब्दावर केले.

विकणारा पस्तिशीचा, कंपनीत बऱ्या हुद्द्यावर. दारातच वाकून पाया पडला. "साहेब, तुम्ही पोलिसात होता म्हणे! म्हणजे आज माझी काही धडगत नाही." सगळे हसले, मीही हसलो. चौतीस वर्षांत मला साहेब म्हणणारे दोनच प्रकारचे लोक भेटले होते, पकडलेले आणि पकडले जाणार असलेले. त्या दिवशी ते माझ्या ध्यानात राहिले नाही.

बॉनेटला हात लावला, गरम लागले. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे, थंड असतानाच त्याचा खोकला ऐकू येतो. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आत्ताच ग्रोसरी आणली साहेब, नाहीतर गाडी उभीच असते." न विचारता आलेले उत्तर. कोठडीत असे उत्तर आले असते तर मी खुर्ची पुढे ओढून बसलो असतो. गाडीत तीन-तीन सुवासाच्या डब्या टांगलेल्या, पायाखालचे गालिचे कोरे. पुतणीने इंटरनेटवर नंबर टाकून गाडीचा इतिहास काढला होता, तो साफ होता. मी मान डोलावली आणि तिने सही केली.

अकराव्या दिवशी कामावर जाताना हायवेच्या मधल्या लेनमध्ये स्टिअरिंगसमोरचे धोक्याचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडले. मागून ट्रक. पोरीने कशीबशी गाडी कडेला घेतली. गाडी ओढून नेली ती तिने आधी ठरवलेल्या मेकॅनिककडेच. तिथून तिचा फोन आला. ती रडत नव्हती. रडली असती तर बरे झाले असते.

"काका, मेकॅनिकने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे. सीटखाली गंज आहे. गाडी पुरात बुडाली होती."

बुडालेली गाडी अशी ओळखतात हे मला माहीत नव्हते असे नाही. आमच्या ठाण्याच्या आवारात पुराचे पाणी शिरले होते, जप्तीच्या अकरा मोटारी बुडाल्या होत्या. त्यांचा पंचनामा माझ्या हातचा. "आसनाच्या पट्ट्यावर पाण्याची खूण" हे शब्द मी अकरा वेळा लिहिले. एक पट्टा ओढून बघायला कितीसा वेळ लागतो?

तिच्या सुपरवायझरने सांगितले, आणखी एक खाडा झाला तर येऊ नकोस. लॅबमधल्या एका बाईने आठवडाभर तिला नेण्याआणण्याचे कबूल केले. म्हणजे सोमवारपर्यंत एकतर त्याने गाडी परत घेऊन पैसे द्यायचे आणि तिने दुसरी घ्यायची, नाहीतर संपले.

विकणाऱ्याचा फोन बंद. ग्रुपवर म्हणे तो भारतात पोचलासुद्धा.

खबर मिळाली ती संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या आज्यांकडून. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेली ही मंडळी, त्यांच्याइतके पक्के खबरी मी जिल्ह्यात पाहिले नाहीत. एक म्हणाली, "इश्श, कुठले गेले! पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे. त्यांचे वडील तर रोज सकाळी क्लबहाऊसच्या बाकावर असतात."

गुरुवारी सकाळी मी त्या बाकावर जाऊन बसलो. म्हातारा माझ्याच वयाचा, हातांच्या नखांत काळे बसलेले. गाडीचा विषय मी काढलाच नाही. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारावे, कामाबद्दल माणूस सहसा खोटे बोलत नाही.

"कुठे होता नोकरीला?"

"एसटीच्या वर्कशॉपात. एकोणतीस वर्षं. इंजिन नुसतं ऐकून सांगायचो काय दुखतंय ते."

"मग मुलाच्या गाड्या तुम्हीच बघत असाल."

तो नखांतले काळे खरवडू लागला. मी गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणे हेच अर्धे काम असते, बाकीच्यांना ते जमत नाही. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही त्या मुलीचे काका का?"

"हो."

"फ्लोरिडाला गेलो होतो सगळे. वादळात पार्किंगमध्ये पाणी भरलं. पाण्याचा इन्शुरन्स नव्हता, म्हणून कुठे नोंद नाही. सीटा काढून, पंखे लावून मीच वाळवली ती. पोराला म्हटलं, रस्त्यात जीव घेईल ही, भंगारात दे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही यात पडू नका." त्याने माझा हात धरला. "रविवारपर्यंत थांबा. मी त्याला गाडी परत घ्यायला लावतो, माझी पद्धत आहे. पण मी बोललो हे त्याला कळू देऊ नका. मी त्याच्या घरात राहतो."

मी शब्द दिला. खबऱ्याचे नाव मी कधीही, साहेबांसमोरसुद्धा, घेतले नव्हते. या एका गोष्टीचा मला माझ्या बिल्ल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

त्याच संध्याकाळी मी त्या घरी गेलो. का गेलो? रविवारपर्यंत थांबवले नाही म्हणून. नुसती जरब बसवावी, एवढाच विचार होता.

दार मुलानेच उघडले. आता पाया पडणे नाही, साहेब नाही. "काका, ॲज-इज सेल आहे, म्हणजे जशी आहे तशी घेतलीत. तिने साइन केलंय. वाटलं तर कोर्टात जा."

"गाडी बुडालेली होती हे तुला माहीत होतं."

"प्रूफ करा ना. तुम्हाला इथलं काही कळत नाही. आणि साहेब कसले? हवालदारच होता ना तुम्ही?"

"तुझ्या बापाने सांगितलंय मला!"

तोंडातून गेले ते गेले. आत जेवणाच्या टेबलाजवळ म्हातारा हातात ताट घेऊन उभा होता. मुलगा वळला. "बाबा, तुम्ही?" एवढेच म्हणाला. म्हाताऱ्याने ताट खाली ठेवले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दार बंद झाले.

पुतणीला घरी येऊन सांगितले. ती आवाज न चढवता म्हणाली, "काका, रविवार तीन दिवसांवर होता."

 चौतीस वर्षांत आरोपींना मी असेच एका वाक्यात पकडले होते.

गाडी कोणी परत घेतली नाही. सोमवारी तिच्याकडे गाडी नव्हती आणि मंगळवारी नोकरी नव्हती. पुढे ती एका मैत्रिणीकडे दुसऱ्या राज्यात गेली, तिथे मुदत संपायच्या आत काम मिळाले. दुसरी गाडी घेतली तेव्हा मला विचारले नाही. मेकॅनिकला विचारले. बरोबर केले.

लोक मला विचारतात, जुनी गाडी घेताना काय बघावे. मी सांगतो, पट्टा शेवटपर्यंत ओढा, गालिच्याखाली हात घाला, इंजिन थंड असताना चालू करा, आणि ज्याला त्यातले कळते त्याला पैसे देऊन दाखवा, मग विकणारा सख्खा भाऊ का असेना. हे सगळे खरे आहे. पण त्या पोराने गाडी विकली ती मला साहेब म्हणून, आणि तीन दिवसांत जे जमणार होते ते मोडले मला हवालदार म्हणून. दोन्ही वेळा त्याने बरोबर जागी बोट ठेवले. चौकशी मी त्याची करत नव्हतो, तो माझी करत होता. हे कळायला मला एकाहत्तर वर्षे लागली आणि किंमत दुसऱ्यांनी दिली.

हे सगळे मागाहून कळले. त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी बाकावर गेलो. बाक रिकामा होता. तासभर बसून त्याच्या घरापर्यंत चालत गेलो आणि बेल दाबली. दार उघडले नाही. बेलमधूनच सुनेचा आवाज आला, "बाबा झोपलेत, काका." सकाळचे नऊ वाजले होते आणि खिडकीत म्हाताऱ्याची पाठ मला दिसत होती.

त्या बेलमध्ये कॅमेरा असतो, समोरचा माणूस आत दिसतो. मी टोपी काढली. त्या बटणासमोर सरळ उभा राहिलो, नाव सांगितले, वय सांगितले, हुद्दा सांगितला, जबाब देताना सांगतात तसा. म्हणालो, "मी काल शब्द मोडला. चूक माझी आहे, तुमच्या सासऱ्यांची नाही. त्यांना सांगा." आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची माफी मागत होतो, तीही बटणाची. पाठ वळली नाही. टोपी घातली आणि निघालो.