तांडेल चोर नव्हता

गावपळणीतली ती चोरी मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजून कान गरम होतात. कारण त्या तपासात पहिली चूक चोरानं नव्हे, मी केली होती.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. मी घाटावरचा, नवखा फौजदार, मालवण भागात बदलून आलो होतो. दिवसभर गोव्याकडून येणाऱ्या चोरट्या दारूच्या मागे धावायचं आणि संध्याकाळी स्टेशन डायरी लिहायची, एवढाच माझा संसार. अशात जवळच्या एका गावाची गावपळण आली. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. त्या दिवसांत गावात माणसानं पाऊल टाकायचं नाही. घरांना धड कुलपंही लावत नाहीत, हे ऐकून मी हसलो होतो. जमादार म्हणाले, "सायबानू, हसू नकात. थंय चोरी होवची नाय."

लोक घरी परतले त्याच दिवशी फिर्याद आली.

फिर्यादी एक विधवा म्हातारी. तिचा नवरा तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान होता आणि गलबतासकट बुडाला होता. त्यानं करून दिलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ फडताळातून गेली होती. पंचनाम्यात मागच्या पडवीत खाडीच्या चिखलाची वाळलेली पावलं मिळाली. सुकतीला, पाणी ओसरलं की, खाडीतून चालत येता येतं, आणि त्या तीन दिवसांत सुकती भर दुपारची होती. रात्री त्या ओसाड गावात शिरायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे चोर दुपारी आला होता आणि त्याला गावाची खडानखडा माहिती होती.

दोन दिवसांनी टपालानं निनावी अर्ज आला. 'गुरुजींनी एक वही लिहिली आहे. तीत तांडेल गावपळणीत खाडीतून जाऊन दागिने चोरतो. चोरी कशी करावी हे ज्यांनी लिहिले, त्यांनीच ती केली. वही जप्त करावी.'

गुरुजी म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उभा जन्म पाढे आणि शुद्धलेखन शिकवून साठीला आल्यावर हा गृहस्थ रहस्यकादंबरी लिहायला बसला होता. बायको वारलेली, मुलगी सासरी. गावात थट्टा होई, पण माणसाला मान होता. मी गेलो, वही जप्त केली आणि दोन शिपायांच्या मध्ये घालून त्यांना भर बाजारातून ठाण्यावर आणलं. मासळी विकणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. ज्यांना त्यांनी छड्या मारून शिकवलं होतं ते दुकानदार माना खाली घालून उभे राहिले. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल केलेलं बरं.

"खाडीची वाट तुम्हाला कशी माहीत?" मी विचारलं.

"इथं प्रत्येकाला माहीत आहे. मी फक्त लिहिली."

"चोरी करायचा विचार तरी मनात आला ना?"

"आला. त्याशिवाय लिहिता येत नाही."

असा जबाब मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहून घेत होतो. त्या तिन्ही दुपारी कुठं होतात, असं विचारलं. दुसऱ्या दुपारी ते झोपड्यांपुढं सगळ्या गावाला कादंबरीचा शेवट वाचून दाखवत होते. पहिल्या आणि तिसऱ्या दुपारी मात्र काजूच्या झाडाखाली एकटेच बसले होते. साक्षीदार कोणी नाही. मी विजयी मुद्रेनं पेन खाली ठेवलं. गुरुजी हळूच म्हणाले, "फौजदार, मला आत टाकायचं तर टाका. पण आजपासून या गावात काही हरवलं की लोक आधी माझी वही मागतील. मी आता लिहिणार नाही." म्हातारपणी सुचलेलं एकुलतं एक सुख त्या माणसानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि मी त्यावर मुद्देमालाची चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी ठाण्यात आली. मला वाटलं, आभार मानायला आली.

"सायबानू, गुरुजींका कित्याक धरलास? तो माणूस माझी माळ चोरतलो?"

"आजी, त्यांनी वहीत सगळं लिहिलंय. तांडेल चोरी करतो म्हणून."

"कसलो तांडेल!" ती उसळलीच. "तांडेल चोर म्हणान वाचूक लागले तशी मी उठान उभी रवलंय. म्हटलंय, गुरुजीनू, माझो घोव तांडेल होतो. तेका चोर केलास तर माका चलाचा नाय! तशे हसले आणि थंयच शेवट बदलल्यानी. तांडेलाच्या जागी गोष्टीतलो दलाल चोर निघालो. सगळ्या गावान आयकल्यान."

मी कागद काढून अर्ज पुन्हा वाचला. 'तांडेल दागिने चोरतो.' दुसऱ्या दुपारी जो कोणी तिथं होता, त्यानं असं लिहिलंच नसतं. जुना शेवट फक्त वहीत होता. मी कोठडीकडे धावलो. "गुरुजी, वही आणखी कुणी वाचली आहे?"

"एकानंच. माझा शेजारी मुंबईहून रजेवर आलाय. गावपळणीआधी दोन दिवस मागून नेली होती."

शेजाऱ्याला बोलावून मी चहा दिला. कादंबरी कशी वाटली, विचारलं.

"बरी आहे. तांडेल चोर निघतो ते झकास जमलंय."

"वाचनाला होतात?"

"पुढंच बसलो होतो."

मी म्हातारीला आत बोलावलं. हे म्हणतात शेवटी तांडेल चोर निघतो, असं तिला सांगितलं. "खंय होतंस रे तेव्हा?" तिनं विचारलं, आणि त्यानं बशी खाली ठेवून सगळं कबूल केलं. मुंबईची नोकरी सुटली होती, घरी सांगायची लाज वाटत होती. माळ त्याच्या ट्रंकेत, शर्टाच्या घडीत मिळाली.

संशयिताला सोडताना सही घेतली की आमचं काम संपतं. त्या दिवशी मी तसं केलं नाही. गणवेश चढवला आणि गुरुजींना त्याच बाजारातून, त्याच गर्दीच्या वेळी, घरी पोचवलं. वही मी स्वतः छातीशी धरली होती. दारात मी वही पुढं केली तेव्हा ते म्हणाले, "पंचनामा तुम्ही खरा कसा करता, ते सांगाल का? माझ्या कादंबरीत तो फार कच्चा आहे." मी तिथंच पायरीवर बसून सांगायला लागलो. पुढची तीन वर्षं ते दर रविवारी ठाण्यात येऊन मला प्रश्न विचारत आणि मी उत्तरं देता देता लिहायला शिकत गेलो.

या तपासानं मला शिकवलं, की ज्याच्या मनात पाप येतं तो ते कागदावर उतरवून मोकळा होऊ शकतो. म्हणून लिहिणाऱ्याला घाईनं बेड्या घालू नयेत. आणि माणसाची अब्रू ज्या रस्त्यानं नेली, त्याच रस्त्यानं परत आणून द्यावी.

गुरुजी आता नाहीत. निवृत्तीनंतर मीही रहस्यकादंबऱ्या लिहितो. प्रत्येक शेवट आधी बायकोला वाचून दाखवतो आणि ती हरकत घेईल तिथं मुकाट्यानं बदलतो. वाचक कधी कधी विचारतात, तुमच्या गोष्टी समुद्रावरच्या, त्यात खून आहेत, चोऱ्या आहेत, मग एकदाही तांडेलावर संशय कसा येत नाही? मी हसून विषय टाळतो. त्या दिवशी माळ हातात घेताना म्हातारीनं मला बजावलं होतं, "बघ, मी सांगलंय ना, तांडेल चोर न्हय." तिला मी हो म्हटलं होतं.