हडळीला दिलेली हाळी

चूक माझीच होती, ते आधी सांगून टाकतो. तो आवाज मालिकेतल्या हडळीसाठी घेतायत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सांगितलं, "देवाच्या मेंढपाळाचा सीन आहे, बाबा. टीव्हीत तुम्ही दिसाल." बाबा आता नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय.

अवसरी बुद्रुकच्या शिवेवर ते मेंढरं राखायचे. कळप पांगला की तळहात तोंडाशी धरून एक लांबलचक हाळी द्यायचे, आणि लगेच तोच हात कानामागे. मध्ये कुणी बोलायला गेलं तर म्हणायचे, "थांबा भाऊ. जबाब येऊ द्या." मग लांबून भोरी, त्यांची म्होरकी मेंढी, ओरडायची आणि तिच्यामागे सगळा माळ हलायला लागायचा. ही हाळी त्यांच्या वडलांची. दुसऱ्याच्या हाळीला आपलं मेंढरू मान वर करत नाही, म्हणायचे. सवय इतकी, की टपरीवर चहा सांगितला तरी आतून "हो" येईपर्यंत हात कानामागेच.

मंचरकडे जाताना असे कळप तुम्हीही पाहिले असतील, हॉर्नही मारला असेल. मीही त्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मी जुन्नरचा, माझा धंदा शूटिंगवाल्यांना गाड्या, जेवण आणि माणसं पुरवण्याचा. त्या वर्षी भुताच्या एका मालिकेने अवसरीच्या शिवेजवळची बंद पडलेली पोल्ट्री घेतली होती. प्लायवुड ठोकून तिचा झपाटलेला बंगला केला होता. कोंबड्यांचा वास तेवढा गेला नव्हता.

एका दुपारी नायिका रडत असताना बाहेरून हाळी आली. शॉट वाया गेला. दिग्दर्शक तावातावाने बाहेर धावला. मला वाटलं, आता म्हाताऱ्याला शिव्या बसणार. पण परत आला तो हसतच. "हाच आवाज. आपल्या हडळीला हाच!"

हडळीसाठी म्हटलं असतं तर बाबांनी तोंडसुद्धा उघडलं नसतं. आणि मला पुढचं कामही याच लोकांचं हवं होतं. म्हणून मी देव पुढे केला. बाबांनी माइकला हात जोडले, मग हाळी दिली. हात कानामागे. हेडफोनवाला म्हणाला, "झालं, झालं."

"जबाब येऊ द्या की राव," बाबा त्याला म्हणाले.

महिनाभर जाहिरात चालली, रविवारी संध्याकाळी सातला हडळ दिसणार. त्याच भागात आपला देवाचा सीन, असं बाबा धरून होते. बाबांच्या अंगणात टीव्ही आणून ठेवला होता, सतरंजीवर सगळी भावकी. बाबा नवा फेटा बांधून पुढे बसले, मला शेजारी बसवून घेतलं. त्यांच्या बायकोने, आजींनी, टीव्हीला हळदकुंकू लावलं. पलीकडे जाळीत मेंढरं रवंथ करत होती.

पाऊण तास काही घडलंच नाही. दार करकरलं, दिवा गेला, जाहिरात आली. "ह्यापरास ती रिकामी पोल्ट्री जास्त भ्या दाखवती," मागून कुणीतरी म्हणालं. शेवटी धूर, पांढरी साडी, उलटे पाय, आणि त्या बाईच्या तोंडून बाबांच्या वडलांची हाळी.

जाळीतून भोरीने जबाब दिला. टीव्हीला.

बाबांचा हात सवयीने कानाकडे निघाला होता, तो अर्ध्यावरच राहिला. तेवढ्यात पडद्यावर नायिका अंथरुणात उठून बसली. सगळं स्वप्न होतं. एपिसोड संपला.

"आवाज तर तुमचाच व्हता," आजी म्हणाल्या. "मंग ही बया कोन?"

"बाबा, साडी लई शोभली राव तुमाला!" कुणीतरी ओरडलं. अंगण हसलं. मीही हसलो.

बाबा माझ्याकडे वळले. "भाऊ, द्येवाचं म्हनला व्हता ना?"

"मागाहून बदललं त्यांनी," मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं.

पोरांनी तेवढा तुकडा मोबाइलात घेतला आणि रस्त्याने जाता-येता वाजवायला लागली. मेंढरं आवाजाकडे पळायची, तिथे बाबा नसायचे. काही दिवसांनी मेंढरांनी पळणं सोडलं. मग बाबांची खरी हाळीही त्यांना तसलीच वाटू लागली. मी एकदा पाहिलं. हाळी दिली, हात कानामागे नेला, आणि बाबा किती वेळ तसेच उभे. एकाही मेंढीने मान उचलली नाही.

"ऐकत्यात," ते म्हणाले. "पर इस्वास न्हाई ऱ्हायला."

पुढचं मला आजींनी सांगितलं. भोरी उसाच्या कडेला एकटीच चरत होती. बाबांना पाचटात बिबट्याची पाठ दिसली. ते हाळी देत धावले. पुन्हा पुन्हा दिली. भोरीने एक कान तेवढा हलवला आणि परत गवताला तोंड लावलं.

बाबांनी कळप विकला आणि मंचरला लेकाकडे राहायला गेले. ती मालिकाही बंद पडली. हडळ शेवटपर्यंत कुणाला धड दिसली नाही.

मला त्यांच्या दारात जायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. "या, पावणं," म्हणाले. पूर्वी भाऊ म्हणायचे.

"जुन्नरवनं आलात. च्या घ्या."

कपातला चहा गार झाला तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले. "बाबा, त्यांनी मागाहून काही बदललं नव्हतं. आवाज हडळीसाठीच होता, मला आधीपासून ठाऊक होतं. मी दोनदा खोटं बोललो. भोरी माझ्यामुळे गेली. माझं चुकलं."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. बाबा तिकडेच बघत होते, दोन्ही हात मांडीवर. मी जबाबाची वाट बघत थांबलो.