जुलेखाबी आधी बघायच्या

जुलेखाबींना मी पहिल्यांदा पाहिलं ते हातभर रुंदीच्या एका खिडकीतून. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून चालत पाच-सात मिनिटांवर तेव्हा एक थिएटर होतं. त्याच्या डाव्या अंगाला बायकांच्या तिकिटांची वेगळी खिडकी होती आणि तिच्यामागे जुलेखाबी सव्वीस वर्षं बसल्या. आता तिथे कपड्यांचे सेल लागतात. खिडकी विटांनी बुजवली आहे, पण वरचं पत्र्याचं छप्पर अजून आहे.

पैसे घेऊन हात आत गेला की त्या आधी चेहरा बघायच्या. मग विचारायच्या, "कुणासंगं आलीस?" सासूबरोबर आलेल्या सुनेला त्या एक सांगत, मैत्रिणींबरोबर आलेल्या कॉलेजच्या पोरींना दुसरं. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की बाराचा खेळ त्या स्वतः बघत, दाराशी लाकडी स्टुलावर बसून. त्या खेळाला बायका नसायच्याच. सहाच्या खेळापासून खिडकीवर जुलेखाबींचा निकाल मिळायचा.

त्यांच्याकडे पिक्चरचे चार-पाच मोठे प्रकार होते आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी बारके. भुताचा असला तर 'दारं वाजणारा' की 'अंगात येणारा', हे त्या आधी सांगत, कारण अंगात येणाऱ्याला गेलेली एक बाई खरंच घुमायला लागली होती आणि खेळ थांबवावा लागला होता. मारामारीत बदल्याचा वेगळा आणि ताटातुटीचा वेगळा. ताटातुटीच्यात शेवटी सगळे भेटतात, म्हणून तो माहेरवाशिणींना चालतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात बारीक निवड रडायच्या पिक्चरची. आईचा रडायचा, नवऱ्याचा रडायचा आणि लेकराचा रडायचा. लेकराच्यातही लेकरू हरवणारा आणि लेकरू जाणारा हे दोन निराळे. जाणाऱ्याचं तिकीट त्या पोटुशी बाईला देत नसत आणि जिचं लेकरू गेलं आहे तिलाही देत नसत.

मॅनेजर ओरडायचा, "जुलेखाबी, थिएटर तुमच्या अब्बाचं आहे का?"

"अब्बाचं असतं तर असले पिक्चर लावले असते का?" असं म्हणून त्या खिडकी लावून घ्यायच्या.

त्यांचा नवरा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. एकदा गेला तो आलाच नाही. मूल नव्हतं, किंवा होतं आणि राहिलं नव्हतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

माझा धाकटा, सोमेश, बारा वर्षांपूर्वी गेला. साडेचार वर्षांचा होता. ताप मेंदूत गेला आणि एकवीस दिवस आम्ही दवाखान्यात होतो. त्यानंतर तीन महिने मी घराबाहेर पडले नाही. शेवटी नणंद हट्टाने पिक्चरला घेऊन गेली. तिने दोन तिकिटांचे पैसे आत सरकवले. जुलेखाबींनी एकाचे परत दिले.

"तू जा," त्या नणंदेला म्हणाल्या. "रुपाली, तू न्हाई. तू हितं आत ये."

तोवर त्यांना माझं नाव माहीत आहे हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मला त्या खोपट्याएवढ्या खोलीत स्टुलावर बसवलं, चहा मागवला. भिंतीपलीकडून पिक्चरचं संगीत ऐकू यायला लागलं तेव्हा उठून टेबलफॅन पूर्ण जोरात केला. तीन तास आम्ही त्या पंख्याच्या आवाजात बसून होतो.

तेव्हापासून मी कुठलाही पिक्चर जुलेखाबींना विचारल्याशिवाय बघितला नाही. थिएटर बंद पडल्यावर त्या साड्यांना फॉल लावून द्यायला लागल्या. टीव्हीवर काही लागणार असलं, कुणी मोबाईलवर काही पाठवलं, की मी त्यांच्या खोलीवर जायची. त्या म्हणायच्या, "बाहेर थांब." मग आत बोलवून सांगायच्या. पदवीधर बाई मी, लोक हसत असतील. हसू देत.

माझा थोरला ऋतुराज सोमेश गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळा सुटली की तो जुलेखाबींच्या खिडकीत बसायचा, फुकटात पिक्चर बघायचा, त्यांना खाला म्हणजे मावशी म्हणायचा. तो तिथे असतो हे मला माहीत होतं. सुरक्षित आहे, एवढंच मी बघत होते. पुढे मात्र मी त्याच्या मागे फार लागले. जेवलास का, अंग गरम नाही ना, गाडी हळू चालव. पुण्याला पिक्चर शिकायला गेला तरी दिवसातून तीन फोन. तो बिचारा तिन्ही उचलायचा.

गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा मी त्याच्याबरोबर जुलेखाबींकडे फराळ घेऊन गेले होते.

"खाला, तुम्ही जे करता ना, त्याला जॉनर म्हणतात," तो म्हणाला. "आणि ते आईचा, लेकराचा, ते सब-जॉनर."

"मग पैसे भरून हेच शिकायला गेलास व्हय? हितं फुकट होतं की!"

"सर म्हणतात, जॉनर गोष्टीवरून ठरतो."

"गोष्टीवरून कुटं? बघणारीवरून ठरतो. एकच पिक्चर तुझ्या आईला लेकराचा असतो आणि तिच्या नणंदेला गाण्यांचा."

त्याने ते मोबाईलवर टिपून घेतलं.

"लिही, लिही. सरला सांग, सोलापूरच्या बाईनं सांगितलंय. आणि तुझा पिक्चर कशातला व्हणार?"

"तो तुम्ही सांगायचा, खाला. मी आधी नाही सांगणार."

फेब्रुवारीत त्याचा पिक्चर तयार झाला. अठरा मिनिटांचा. इथल्या त्याच्या मित्रांनी एका छोट्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी दाखवायचं ठरवलं. फोनवर मी विचारलं, "कशावर आहे रे?" तो म्हणाला, "आपल्या घरातलं आहे थोडं."

मी घाईघाईत म्हणाले, कुकर लावलाय, ठेवते. माझी भीती त्याला कळली असावी.

"आई, मी फाईल पाठवतो. खालांना दाखव. त्या हो म्हणाल्या की मग तर येशील? पण तू एकटीने बघू नकोस. हॉलमध्ये बघ. माझ्याबरोबर."

मी फोन घेऊन जुलेखाबींकडे गेले. माझी एक साडीही त्यांच्याकडे होती. ती त्यांनी काढून दिली. फॉल पार तिरका आला होता, एके ठिकाणी तर काठ सोडून वर चढला होता. "दोरा खराब हाय हल्ली," त्या म्हणाल्या. माझं लक्ष साडीत नव्हतं. मी पिक्चर सुरू करून फोन हातात दिला आणि बोळात जाऊन उभी राहिले. अठरा मिनिटं समोरच्या घरातल्या बाईचं धुणं मोजत होते.

आत गेले तेव्हा जुलेखाबी डोळे मिटून बसल्या होत्या. फोन कानाशी होता.

"लेकराचा हाय," त्या म्हणाल्या. "जाणारा. तू नक्को जाऊ, रुपाली."

शनिवारी मी ऋतूला सांगितलं, बीपी वाढलंय. त्याच्या बाबांची होटगी स्टेशनला ड्युटी होती. तो इस्त्रीचा कुर्ता घालून दारात उभा होता.

"खाला काय म्हणाल्या?"

मी त्याच्या कुर्त्याची बाही सारखी केली.

"बरं. त्या तरी येतायत ना?"

"येतायत."

"बरं," तो पुन्हा म्हणाला.

रात्री आला, जेवला, ताट स्वतः विसळलं. सकाळी अंथरुणाची घडी घालून पहिल्या गाडीने पुण्याला गेला. त्यानंतर फोन उचलायचा, पण "हो," "नाही," "ठेवतो," एवढंच.

नवव्या दिवशी दुपारी जुलेखाबी आमच्याकडे आल्या. त्या कधी कुणाकडे जात नाहीत. मी खिडकीतून पाहिलं, बोळातून येताना त्यांचा तळवा भिंतीवरून घासत येत होता. पायरी त्यांनी आधी चपलेने चाचपली. आत बसल्यावर पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला.

"हे वाच. काय लिवलंय?"

शाईच्या जाड पेनने, ऋतूच्या अक्षरात, फक्त "आई" लिहिलं होतं.

"त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीला चिकटवलेला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या रांगेत. हाताला लागला. मला वाटलं नंबर हाय. लोक जागा न्हाई म्हणत भिंतीला उभे होते, तरी त्यानं तिथं कुणाला बसू दिलं न्हाई. खेळ संपल्यावर मी काढून घेतला."

मी कागदाची घडी पुन्हा घातली.

"रुपाली, लोक हसत होते गं. आधी वाटलं पोरं टवाळी करतायत. मग मागची एक बाई हसली, पोटातून हसली. लेकरू जाणाऱ्या पिक्चरला बाई हसत न्हाई. सव्वीस वर्षांत एकदा न्हाई."

"पण तुम्ही बघितला होता ना?"

"ऐकला."

"म्हणजे?"

"उजवा डोळा दोन वर्षांमागं गेला. डावा या थंडीत. काचबिंदू हाय, परत येत न्हाई म्हणतात. उजेड कळतो, माणूस कळत न्हाई." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "खोकला ऐकला. दवाखान्यातली ती टिकटिक ऐकली. मग एक पोर रडलं. झालं. मी निकाल दिला."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला विचारायला कोण आलं असतं?"

मी त्यांच्यावर चिडणार होते. खरंच चिडणार होते. पण त्या तिरक्या फॉलची साडी माझ्याच अंगावर होती.

मी फोन आणला. आम्ही दोघी पलंगावर बसलो आणि मी पिक्चर लावला.

"सांगत जा," जुलेखाबी म्हणाल्या.

"एक मुलगा आहे. दहा वर्षांचा असेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाज्यांचं नाटक आहे आणि तो... तो वांगं झालाय."

"वांगं?"

"जांभळा परकर गुंडाळलाय. पोटात उशी आहे. दारातून आत जाता येत नाही त्याला, अडकतोय. भेंडी त्याला मागून ढकलतेय."

जुलेखाबी हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता मला आठवलं, तो परकर माझा होता. मी तो बेतायला घेतला होता आणि सोमेशचा ताप वाढला, म्हणून मशीनवर तसाच टाकून गेले होते. त्या एकवीस दिवसांतच ऋतूचं गॅदरिंग होतं. ते झालं कसं, वांगं झालं का, मी बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

पिक्चरमध्ये दुसऱ्या खोलीतून खोकला येतो, पण आजारी मूल कुठेच दिसत नाही. आईही दिसत नाही. दाराबाहेर पडणारी पाठ दिसते, हातातली डब्याची पिशवी दिसते. मुलगा म्हणतो, "आई, देठ राहिलाय," आणि दार लागतं. मग दवाखान्याची टिकटिक, मग तो रडतो. एक बाई खिडकीमागे बसून हिरव्या कापडाचा देठ शिवून देते. वरून तिकिटं, खालून सुई. तिचा चेहरा नीट दाखवला आहे.

"खिडकीतली बाई देठ शिवतेय," मी म्हणाले.

"म्हणजे त्यानं ठेवलं लक्षात," जुलेखाबी म्हणाल्या. "दोरा हिरवा नव्हता. काळ्यानं शिवला होता."

"काळाच आहे," मी सांगितलं.

तेव्हा मला कळलं, ऋतू दवाखान्याच्या दिवसांपासूनच त्यांच्याकडे बसत होता, म्हणून त्या दिवशी खिडकीवर त्यांना माझं नाव माहीत होतं.

शेवटी नाटक सुरू होतं. वांगं स्टेजवर येतं, सगळे हसतात. त्याचं वाक्य आहे, पण तो बोलत नाही. तो समोरच्या रांगेत बघतोय. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. शाळेच्या बाई पडद्याआडून वाक्य सांगतात, तरी तो बघतोच आहे. तिथेच पिक्चर संपतो.

मी लगेच फोन लावला. जुलेखाबींनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांचं सांग त्याला. माझ्यामुळं झालं म्हण."

"बघितला," मी ऋतूला म्हणाले.

"हं. कुठे?"

"घरी. खाला आहेत शेजारी."

"मग? कशात घातला त्यांनी?"

जुलेखाबी माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, मी सांगायची वाट बघत. मला सांगता आलं असतं. चूक त्यांची होती, हे खोटंही नव्हतं. पण माझ्या पोराचा पिक्चर दुसरीच्या हातात देऊन बोळात कुणाचं तरी धुणं मोजत उभी राहिले ती मी होते.

"मी घाबरले रे," मी म्हणाले. "मीच आले नाही."

"माहितीये, आई."

मग तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले, आणि त्याने फोन ठेवला.

"येतो म्हणाला?" जुलेखाबींनी विचारलं.

"नाही."

हल्ली त्यांना रोज दुपारी मीच हाताला धरून घेऊन येते. फॉलचं काम त्यांनी सोडलं. चहा झाला की त्या म्हणतात, लाव. मी लावते आणि सांगत जाते. भेंडी ढकलते तिथे त्या हसतात, देठाशी विचारतात, दोरा काळाच ना. नाटक सुरू झालं की माझा हात धरतात.

"नीट बघ," त्या म्हणतात. "बसलं का कुणी?"

"नाही, जुलेखाबी. रिकामीच आहे."