लाल दिवा चालू शे ना?

आमच्या धंद्यात नको असलेलं फुटेज डिलीट करता येतं. किस्से मात्र डिलीट होत नाहीत! हार्ड डिस्क भरली की मी दुसरी आणते, पण डोक्यात साठलेल्या या भानगडींना कुठली डिस्क पुरणार? चार ओळखीची माणसं जमली, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "संगीताताई, तो भटजींचा सांगा ना!" मग एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

आमची टोळी तिघांची. मी पाचोऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत एडिटिंग करते. धाकटा भाऊ विजू कॅमेरा चालवतो. तिसरे छगनकाका. कॅसेटच्या जमान्यात अख्ख्या तालुक्याची लग्नं त्यांनी खांद्यावरच्या कॅमेऱ्याने काढली. आता ते आमचे लाइट सांभाळतात.

विजू आधी नरडाण्याला कंपनीत परमनंट होता. व्हिडिओच्या नादात त्याने ती नोकरी सोडली, तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक सीझन देतो तुला. एका जरी लग्नाची बोंब माझ्या कानावर आली, तर मुकाट्याने परत कंपनीत. साहेबांशी बोललोय मी. जूनपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत."

विजूने मान हलवली. तेव्हापासून लग्नात कुणी जरा आवाज चढवला की त्याच्या आधी मीच धावायचे.

*

पहिला किस्सा कॅमेरा घेतानाचा. जळगावच्या दुकानात सेल्समनने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले आणि विजूचा जीव सगळ्यात महागड्यात अडकला. तो घेतला असता तर लेन्सलाही पैसे उरले नसते.

"ताई, सिनेमावाले हाच वापरतात," सेल्समन म्हणाला.

"सिनेमावाल्यांना पंगतीतून वाट काढत पळावं लागतं का हो?"

विजूने मला कोपर मारलं. मी कसली ऐकते! दुकानातल्या झगमगाटात कुठलाही कॅमेरा गोराच दिसणार. मी तिन्ही कॅमेरे मागच्या अंधाऱ्या गोडाउनमध्ये न्यायला लावले आणि तिथे बसलेल्या वॉचमनकाकांचं तिन्हींत एकेक मिनिट शूटिंग केलं. क्लिपा पेनड्राइव्हमध्ये घेतल्या आणि सेल्समनला सांगितलं, "उद्या येतो." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर मी क्लिपांची नावं बदलून त्या विजूसमोर लावल्या. "सांग बघू, तुझा सिनेमावाला कुठला?"

विजूने दहा मिनिटं डोळे बारीक करून पाहिलं. मग ठामपणे बोट ठेवलं. "हा! बघ ताई, चेहऱ्यावरची सावली बघ. पैसे बोलतात!"

तो तिन्हींतला सगळ्यात स्वस्त होता. तोच घेतला. उरलेल्या पैशात चांगली लेन्स, दोन जादा बॅटऱ्या आणि कॉलरला लावायचा बिनवायरचा माइक आला.

*

आता त्या स्वस्त कॅमेऱ्याचा आकार केवढा? माझ्या जेवणाच्या डब्याएवढा! आमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ म्हणजे खांद्यावर धूड पाहिजे. अमळनेरकडच्या पहिल्याच लग्नात मुलीच्या काकांनी आम्हाला मांडवाच्या दारातच अडवलं.

"फोटोवाले उनात. व्हिडिओवाले का नाही आले अजून?"

"काका, हाच व्हिडिओचा कॅमेरा," विजू म्हणाला.

"एवढासा? भाऊ, याच्यापेक्षा मना मोबाईल मोठा शे!"

बघता बघता माणसं जमली. कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं दुसरा माणूस बोलवा. विजूचा चेहरा पांढराफटक पडला. पहिल्याच लग्नात बोंब, आणि नानांचे दोन मित्र तिथेच पंगतीत जेवत होते!

तेवढ्यात छगनकाका शांतपणे म्हणाले, "मोठा गाडीत आहे. आणतो."

त्यांच्या व्हॅनमध्ये जुना खांद्यावरचा कॅमेरा कायम पडलेला असायचा. दहा वर्षांपासून बंद, पण त्यांच्याच्याने टाकवत नव्हता. पुढचा लाल दिवा तेवढा त्यांनी हौसेने वेगळ्या बॅटरीवर जिवंत ठेवला होता. काका ते धूड खांद्यावर घेऊन, लाल दिवा लावून मांडवात शिरले आणि गर्दी आपोआप दुभंगली.

"हां! याला म्हनतस कॅमेरा!" मुलीचे काका म्हणाले.

मला ही लबाडी मुळीच पटली नव्हती, खोटं कशाला सांगू. पण विजूच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसले. त्या दिवसापासून बंद कॅमेऱ्याचं नाव थोरला आणि चालू कॅमेऱ्याचं धाकटा. गंमत म्हणजे लोक थोरल्याकडे बघून ताठ उभे राहायचे आणि धाकटा बाजूने त्यांचं खरं हसणं-रडणं टिपून घ्यायचा. "तुमचा व्हिडिओ पिक्चरसारखा येतो" असं लोक म्हणायला लागले, ते त्यामुळेच.

*

पण चोरी म्हटली की धाकधूक आलीच. चाळीसगावच्या लग्नात नवरदेवाचे मामा थोरल्यापुढे मनसोक्त नाचले आणि घाम पुसत काकांजवळ आले.

"मना डान्स दाखवा. मागे करा जरा."

मी स्टेजच्या पायरीवर जागच्या जागी थिजले. मामा इरेला पेटलेले. "बटन दाबानं, बस! दाखवा!" दोन-चार जण आणखी जमले. एकाने तर थोरल्याला हातच घातला.

काकांनी कॅमेरा छातीशी धरला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "दाखवलं असतं हो. पण अजून सप्तपदी व्हायचीय. फेऱ्यांच्या आधी लग्न उलटं फिरवू नये म्हणतात."

मामांनी दोन्ही कानांना हात लावले. शिवाय जाताना काकांना पेढा देऊन गेले.

*

माइकने तर एकदा माझा जीवच घेतला असता. धरणगावच्या लग्नात माइक नवरदेवाच्या कॉलरला आणि हेडफोन माझ्या कानाला. नवरी हार घेऊन मांडवात येत होती आणि माझ्या कानात नवरदेव कुजबुजला, "दिन्या, गाडी मागच्या दाराला लाव. चावी गाडीतच ठेव. आता नाही थांबवत माझ्याच्याने."

अगं माय! मी विजूचा शर्ट ओढला. "नवरदेव पळतोय!"

"कोणाला सांगू? नवरीच्या बापाला?" विजू रडकुंडीला आला. तोवर नवरदेव स्टेजच्या मागून पसार, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज माझ्या कानात! नवरी हार धरून उभी. वाजंत्रीवाले एकमेकांकडे बघायला लागले.

दहाव्या मिनिटाला नवरदेव परत आला. चेहऱ्यावर शांती. मांडवाच्या संडासात पाणी नव्हतं, म्हणून तो मागच्याच गल्लीत मित्राच्या घरी जाऊन आला होता. माइक अर्थातच सोबत गेला होता. मी हेडफोन का काढला नाही, असं अजून सगळे विचारतात. अहो, भीतीने हातच हलत नव्हते!

*

आता भटजींचा. मे महिना, शिंदखेड्याकडचं भर दुपारचं लग्न, पत्र्याचा मांडव. धाकटा चालू असला की एरवीही तापतोच, पण त्या दिवशी हात लावला तर तवा! अंतरपाट धरला आणि स्क्रीनवर खूण आली. तापला, आणि पटकन बंद पडला.

बाजूला थोरला रुबाबात लाल दिवा लावून उभा. पण त्याचा काय उपयोग!

विजू बर्फ आणायला धावला. मी त्याचा हात धरला. "बर्फ लावलास तर आत पाणी सुटेल, कायमचा जाईल!" धाकट्याला सुक्या रुमालात गुंडाळून सावलीत घेऊन बसले, आणि नवरीच्या मावश्या हातातल्या पत्रिकांनी त्याला वारा घालायला लागल्या. तिकडे शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं होतं. ते संपलं की लग्न संपलं, आणि विजूचा धंदाही.

मी स्टेजवर चढून भटजींच्या कानात सांगितलं, "गुरुजी, पाया पडते. अजून दोन म्हणा."

भटजींनी एक डोळा उघडला. "चार म्हणतो. पण मला मधोमध घ्यायचं."

पाचव्या मिनिटाला धाकटा जागा झाला. त्या व्हिडिओत नवरा-नवरी कडेला आहेत. कुणाचीही तक्रार आली नाही.

*

आणि मग धुळ्याचं लग्न. सीझनमधलं शेवटचं. मुलीचे वडील भाऊसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "हे काम नीट करा, तुळशीच्या लग्नानंतर भावकीतली सगळी लग्नं तुमची." विजू त्या दिवशी जेवलाही नाही. हे एक पार पडलं की नानांची अट सुटणार होती.

भाऊसाहेबांचे वडील, आबा, यांचा जन्म पंपाच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेने पुन्हा भरून देण्यात गेला. मोजकं बोलणारा माणूस. त्यांचा धाकटा मुलगा रमेश भांडून सुरतेला गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. पुतणीच्या लग्नालाही तो आला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विषय काढत नव्हतं.

वरण-बट्टीच्या पंगती बसल्या होत्या. छगनकाका थोरल्याला मांडीवर घेऊन लिंबाखाली टेकले होते. आबा काठी टेकत त्यांच्याजवळ आले. थोरल्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभे राहिले. मग विचारलं, "लाल दिवा चालू शे ना?"

"हो आबा," काका म्हणाले. सवयीने म्हणाले.

आबा समोरच्या खुर्चीवर बसले. लाल दिव्याकडे बघून म्हणाले, "रमेश..." आणि पाव तास बोलत राहिले.

मी लांबून बघत होते, गप्पा चालल्यात असं मला वाटलं. व्हॅनमध्ये येऊन बसले तर काका हुंदके देत होते. पाचोरा येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "संगीता, तो बाप थोरल्यात बोलला गं. सगळं थोरल्यात बोलला."

चौथ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन. "ताई, मी लांबून बघितलं. आबा तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यापुढे रमेशचं नाव घेऊन बोलत होते. आठ वर्षांत आम्ही ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. तेवढं वेगळं काढून द्या. मी स्वतः सुरतेला घेऊन जातो."

फोन ठेवून मी विजूला आणि काकांना सगळं सांगितलं.

"कार्ड खराब झालं म्हणू," विजू म्हणाला. मी नाही म्हणाले नाही. माझ्याही मनात तेच होतं.

"कार्ड कसलं?" छगनकाका उठले. "त्या माणसाने मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो. मी जाऊन सांगणार."

"काका, भाऊसाहेब आपल्याला उभं जाळतील. सगळ्या धुळ्याला कळेल. मी सोमवारी नरडाण्याला असेन!"

"तर मग मी येईन तुला सोडायला," काका म्हणाले आणि चपला घालायला लागले.

आम्ही तिघंही गेलो. विजूने धाकट्याची बॅग खांद्याला लावली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आबा ओसरीवर होते. भाऊसाहेब "या, या! आणला का?" म्हणत चहा सांगायला आत गेले. तेवढ्यात काका आबांच्या पायाशी बसले.

"आबा, तो कॅमेरा बंद आहे. दहा वर्षांपासून. दिवा नुसता शोभेचा. मी तुमच्याशी खोटं बोललो."

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. विजू जमिनीकडे बघत होता. आत कपबश्या वाजत होत्या.

"माले माहीत व्हतं," आबा म्हणाले.

काकांनी मान वर केली.

"मना बठ्ठा जनम मोटारी भरामा गया, भाऊ. चालू मशीन हातले गरम लागस. मी हात ठेवा, तर तो थंडगार व्हता."

"मग आबा, तरी तुम्ही बोललात?"

"अरे, चालू ऱ्हाता तर मना तोंडातून शब्द तरी निंघता का?"

दारात भाऊसाहेब चहाचा ट्रे घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे. विजूने त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

आबांनी विजूच्या बॅगेकडे काठीने दाखवलं. "त्यामा तो धाकला कॅमेरा शे का?"

भाऊसाहेबांनी ट्रे खाली ठेवला. आबांची खुर्ची उचलून आत खिडकीपाशी नेली आणि विजूला विचारलं, "इथे उजेड बरा आहे ना, भाऊ?"

विजूने धाकटा ट्रायपॉडवर लावला, बटण दाबलं. बोलण्याआधी आबांनी धाकट्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि कॅमेरा गरम होईपर्यंत काढला नाही.